पासपोर्टावरची बाई

आबासाहेब देशमुखांच्या घरी त्या वर्षी दोनच विषय होते. एक व्हेनिस आणि दुसरा पॅरिस. ज्या घरातल्या सुनेनं जवळचं पिंगळीचं स्टेशनसुद्धा कधी उघड्या डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, त्या घरात युरोपातल्या शहरांचा काथ्याकूट जेवताना चालायचा, पान खाताना चालायचा आणि आबासाहेब दाढीला बसले की तेव्हाही चालायचा. निजामाचं राज्य जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. जहागिरी गेल्या, निजामाचं हाली नाणंही चलनातून चाललं, पण देशमुखांच्या घरचा गोषा, म्हणजे बायकांचा पडदा, खालसा करायला काही कुणी फौज पाठवली नव्हती. तो होता तसाच होता.

सून चतुराबाई लग्न होऊन आली आणि माजघरात शिरली, ती शिरलीच. माहेरी चारठाण्याला पोरवयात ती जुन्या देवळांच्या चौथऱ्यांवरून उड्या मारत हिंडायची. आता माहेरी जायचं तर मागच्या दाराशी दमणी लागायची, दमणीला चारी बाजूंनी पडदे, आणि ती आत बसेपर्यंत गाडीवान बैलांच्या तोंडाशी पाठ करून उभा. वाटेत दुधना नदी लागायची. चाकाखाली पाणी खळखळलं की चतुराबाई समजायची, नदी आली. नदी कशी दिसते हे मात्र गाडीवानाला ठाऊक.

तर अशा घरात युरोप कुठून आला? तो दत्तरावांनी आणला. दत्तराव म्हणजे आबासाहेबांचा एकुलता एक मुलगा, चतुराबाईचा नवरा. हैदराबादेत शिकून वकील झालेला, पण वकिली न करता शेतीवर देखरेख करणारा. त्याच्या कॉलेजातल्या मित्रांनी बायकांसह बोटीनं युरोपला जायचा बेत केला. बोट इटलीला लागणार आणि तिथून मंडळींच्या दोन तुकड्या होणार, एक व्हेनिसला, दुसरी पॅरिसला. ज्यानं त्यानं आपली तुकडी आधी कळवायची होती.

"बोट मुंबईहून सुटली की पदर मागं," दत्तरावांनी चतुराबाईला सांगितलं होतं. "कठड्याशी हुबं राहायचं, तोंडावर वारं घ्यायचं. तिथं आपल्याला कोण वळखायलंय? जमाना बदलला, चतुरा."

हे ऐकल्यापासून तिची झोप उडाली होती. व्हेनिस असो की पॅरिस, तिला त्याचं काही नव्हतं. तिला तो कठडा हवा होता. उघड्या तोंडानं, उघड्या आभाळाखाली उभं राहायचं, आणि पाणी नुसतं ऐकायचं नाही, पाहायचं. एवढ्यासाठी ती अंदमानलासुद्धा गेली असती.

आबासाहेबांचा कौल व्हेनिसला होता. तिथं गल्ल्यांतून पाणी असतं आणि माणसं होडीतून फिरतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "होडीला पडदा लावला की झालं," ते म्हणायचे. "दमणी काय अन् होडी काय. बंदोबस्त सोपा हाय. पॅरिसात बाया गुडघ्यापतूर उघड्या हिंडतात म्हणं. आपली सून त्यांच्यात बसवायची का?"

"आबा, पॅरिसात रेल्वे जमिनीखालून जाती," दत्तराव म्हणायचे. "जमिनीखालून! याच्यापेक्षा मोठा गोषा आनखी कुठला हाय?"

दोघंही आपापल्या शहराची तारीफ करत होते ती अशी. चतुराबाई माजघराच्या दाराआड बसून ऐकायची आणि तिला हसू यायचं.

महिनाभर वाद घालून बापलेक दमले, तेव्हा आबासाहेबांनी हुकूम काढला, "सूनबाई म्हणतील ते."

वरून ऐकायला किती छान! पण लगेच सासूबाई नर्मदाबाई आत आल्या आणि दार लोटून म्हणाल्या, "पोरी, व्हेनिस म्हण बरं का. न्हाईतर ते ऐनवेळी जाणंच मोडतील. मी ह्या घरात चाळीस वर्षं काढल्यात, मला ठाऊक हाय." संध्याकाळी दत्तराव आले. "पॅरिस म्हण. आबांपुढं माझी लाज राख." दोघांच्याही पुढं तिनं मान हलवली. ती मान हलवायलाच तर ठेवली होती.

दोन दिवस तिनं पोट दुखतंय म्हणून काढले. शेवटी सासूबाईंकरवी निरोप पाठवला, व्हेनिस. नवरा रुसला तर चार दिवस रुसेल, सासरा रुसला तर दमणीच निघणार नाही, एवढा साधा हिशेब होता. दत्तराव रुसले. जेवले नाहीत आणि बोटीच्या तिकिटांसाठी मुंबईला निघून गेले. आबासाहेब मात्र खूश. पिंगळीपासून परभणीपर्यंत भेटेल त्याला सांगत सुटले, "आमच्या सूनबाई व्हेनिसला निघाल्या."

दत्तराव मुंबईत असतानाच हैदराबादच्या कचेरीचा कागद आला. पासपोर्ट नवराबायकोचा एकच होणार होता, पण त्यावर दोघांचेही फोटो लागणार होते. बाईचा फोटो पाठवलेला नाही, तो ताबडतोब पाठवावा, तोंड पूर्ण उघडं पाहिजे.

आबासाहेबांनी तो कागद कारभाऱ्याकडून दोनदा वाचून घेतला. महिनाभर बापलेकांनी होडीचे पडदे मोजले होते, जमिनीखालची रेल्वे खोदली होती, पण हे काही कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"तोंड उघडं?" ते म्हणाले. "सरकारला देशमुखाच्या सुनेच्या तोंडाशी काय करायचंय?"

दुसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा खुलला. वाट सापडली होती. सरकारला फोटो हवा ना? मग फोटो द्यायचा. कुणाचा, ते सरकार कशाला विचारतंय?

भागुबाई घरात दळणकांडण करायची. तिची माणसं मेंढरं राखणारी, ती स्वतः उघड्या तोंडानं बाजारहाट करणारी, चतुराबाईच्याच वयाची. नर्मदाबाईंनी तिला आत आणलं, चतुराबाईची पैठणी नेसवली, गळ्यात पुतळ्यांची माळ घातली.

"नथ दे तुझी," त्या सुनेला म्हणाल्या.

चतुराबाईचा हात नथीपाशी गेला. हे चालणार नाही, हे तिला कळत होतं. बोटीवर चढताना कुणीतरी फोटो बघणार, तोंड बघणार, आणि मग? पण आता तोंड उघडलं तर जाणं आत्ताच मोडतं. नाही उघडलं तर पुढं मोडेल. पुढचं पुढं, असं म्हणून तिनं नथ काढून दिली. खरं सांगायचं तर तिला आशा सुटत नव्हती. असल्या आशेचा राग येतो, पण ती सुटत नाही.

भागुबाई परभणीहून फोटो काढून परतली ती दागिन्यांना सांभाळत, अवघडून.

"वैनीसाब, लय भ्याव वाटलं," ती नथ परत देत म्हणाली. "तो भुजंग फोटोवाला म्हणायला, बाईसाहेब, हिकडं बघा. मला बाईसाहेब! मी मागं वळून बघितलं, कोण आलं म्हणून."

"मग?"

"मग काय, बघितलं त्याच्याकडं. बघायला काय लागतंय?"

चतुराबाईनं नथ मुठीत धरली आणि कितीतरी वेळ ती नाकात घातली नाही.

दत्तराव मुंबईहून आले, त्यांचा रुसवाही उतरला आणि एक दिवस पासपोर्ट आला. त्यांनी तो उघडला. डावीकडं दत्तराव, सुटाबुटात. उजवीकडं पैठणीतली भागुबाई, डोळे वटारलेली. खाली लिहिलं होतं, पत्नी चतुराबाई.

त्या दिवशी दत्तरावांनी घर डोक्यावर घेतलं. "आबा, ह्या पासपोर्टावर मला भागूला घेऊनच जावं लागंल! चतुराला बोटीवर कुणी पाय ठेवू देतंय का?"

"बाईच्या तोंडावरचा पदर कोण उचलंल? कुणाची छाती हाय?" आबासाहेब म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

दाराआड चतुराबाईनं भिंतीला डोकं टेकलं. जे होणार हे तिला ठाऊक होतं, तेच झालं होतं. पासपोर्टावर तिच्या नावाची एक बाई होती, उघड्या तोंडाची, सरकारनं मान्य केलेली, कुठंही जायला मोकळी. फक्त ती चतुराबाई नव्हती.

मग मात्र नवल घडलं. पंचक्रोशीत डंका पिटून बसलेल्या आबासाहेबांना आता सून घरी राहणं परवडेना. लोक काय म्हणतील? देशमुखांची सून सरकारनं परत पाठवली? नर्मदाबाईंनीही पहिल्यांदाच नवऱ्यापुढं तोंड उघडलं, "एक तसबीर काढली तर काय आभाळ कोसळंल?" आबासाहेब चार दिवस कुढले आणि पाचव्या दिवशी म्हणाले, "बोलवा त्या भुजंगाला. घरी येऊन काढू द्या, आमच्या देखत. दुसरा पासपोर्ट करू."

भुजंग आला. मधल्या चौकात त्यानं भिंतीला पांढरी चादर बांधली, पुढं खुर्ची ठेवली, तिपाईवर कॅमेरा चढवला. गडीमाणसांपैकी निम्मे बाहेर घालवले, निम्मे कामासाठी राहिले. आत नर्मदाबाईंनी सुनेला नटवलं. चतुराबाई मनात मोजत होती. चौक ओलांडला की खुर्ची, खुर्चीनंतर बोट, बोटीनंतर कठडा.

"थांबा," दत्तराव म्हणाले.

सगळे त्यांच्याकडं बघू लागले.

"आबा, ही तसबीर कुठं कुठं जाईल, ठाऊक हाय का? हा भुजंग फोटोची काच धुणार, म्हंजे हिचं तोंड पैलं त्याच्या हातात. मग हैद्राबादचे कारकून बघणार. मग बोटीवरचे खलाशी. उद्या परभणीत पानाच्या ठेल्यावर कुणीबी म्हणंल, देशमुखाची बायको आमी बघितली."

"आरं, पर तूच म्हणायचास ना, जमाना बदलला म्हणून?"

"जमान्याचं जमाना बघंल. माझ्या घरचं मी बघतो."

आबासाहेबांनी मोठा श्वास सोडला. त्यांच्या तोंडावर जे आलं ते समाधान होतं. पोरगा शेवटी देशमुखाचा निघाला.

इतकी वर्षं चतुराबाई समजत होती की कडी सासऱ्याच्या हातात आहे. आज सासऱ्यानं कडी काढली, तर आतून दार धरून नवरा उभा. ह्यानंच तिला तो कठडा दाखवला होता. तिला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो इतका कोरडा होता की तिला स्वतःचीच भीती वाटली.

दत्तराव दाराशी आले आणि मायेनं, अगदी हळू म्हणाले, "चतुरा, ऐकायलीस ना? मी एकटाच जाऊन येतो. व्हेनिसलाच जातो, तुझ्या मर्जीखातर. तिथलं रंगीत कार्ड धाडीन तुला."

चतुराबाईनं दार ढकललं. दत्तराव मागं सरकले. ती उंबरा ओलांडून चौकात आली, पदर खांद्यावर, तोंड उघडं, डोक्यावर ऊन. "माझी तसबीर काढा," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिचा आवाज त्या चौकात पहिल्यांदाच घुमला.

गोषातली बाई अवचित समोर आली तर पुरुषानं पाठ फिरवायची, ही त्या मुलखातली रीत. लहानसहान गड्यालाही ती ठाऊक होती. आबासाहेब भिंतीकडं वळले. पाण्याची कावड घेतलेला गडी जागच्या जागी फिरला आणि त्याच्या घागरी हिंदकळल्या. परभणीचा भुजंगही घरंदाज माणसांत वावरलेला. त्यानं पाठ तर फिरवलीच, पण हात मागं नेऊन कॅमेऱ्याचंही तोंड भिंतीकडं वळवलं.

चतुराबाई खुर्चीत जाऊन बसली. समोर नुसत्या पाठी होत्या. तिच्याकडं बघायचा हक्क त्या चौकात एका दत्तरावांना होता, आणि ते, कुणी चोरून बघतंय का, हे बघत होते.