आठ वजनं पेलणारं तेल

गॅरेजच्या अंगणात उभं राहायला जागा नव्हती. लोक गाड्यांच्या टपांवर चढून बसले होते, आणि एरवी गाडीला नुसता हात लावला तरी अंगावर धावून येणारे मालकच त्यांना वर ओढून घेत होते. मधोमध एक टेबल होतं. त्यावर एक मोटर, मोटरीवर गरगर फिरणारी पोलादी कडी, आणि तिच्यामागे पांढरा डगला घातलेला एक गृहस्थ. त्याचं नाव मी मनातल्या मनात तेलमहाराज ठेवलं.

मी गणिताचा मास्तर. माझं या गर्दीत काय काम, असं कोणीही विचारील. काम मेहुण्याचं होतं. त्याने तीन वर्षं खपून एका साध्या गाडीचं इंजिन उघडलं, त्यात नवे दट्टे बसवले, टर्बो चढवला आणि पाचशे हॉर्सपॉवर काढली. येत्या रविवारी तिची पहिली शर्यत होती. इंजिन बांधून देणाऱ्या वस्तादांनी तेलाचा ग्रेड कार्डावर लिहून दिला होता, पण ते तेल पातळ म्हणून मेहुण्याच्या मनात भरेना. आणि भलतंच तेल पडलं तर इंजिन भर वेगात जाम होणार, आत बसलेला हा माझ्या बायकोचा एकुलता एक भाऊ. मला खरंच भीती वाटत होती.

तेल पारखायची या मंडळींची पद्धतही न्यारी. थेंब अंगठा आणि तर्जनीत घ्यायचा, डोळे मिटून चोळायचा, मग बोटं हळूहळू लांब करायची. तार लांब निघाली की मान डोलवायची. जितकं चिकट तितकं ताकदीचं, हा तिथला कायदा. महाराजांच्या बाटलीतलं तेल तर इतकं चिकट होतं की एकाची बोटं सुटता सुटेनात.

महाराजांचा प्रयोग असा: फिरत्या कडीवर स्वतः न फिरणारा एक पोलादी रोलर टेकवलेला, रोलरला दाबणारा एक दांडा, आणि दांड्याला वजनं अडकवायची. आधी कोणाच्याही गाडीतलं तेल घ्यायचं. महाराज रोलर फडक्याने नीट पुसत, तेल ओतत, वजनं लावत. दुसऱ्या वजनाला मोटर किंचाळून बंद पडे आणि गर्दी हळहळे. मग स्वतःचं सोनेरी तेल. "याला पुसण्याची गरज नाही," महाराज डोळे मिटून सांगत, "हे मळालाही पवित्र करतं. धातूला स्मृती असते. हे तेल तिला जागं करतं." एक, दोन, चार, आठ वजनं लागली तरी कडी मजेत फिरत राही.

मी म्हणालो, की धातूला स्मृती असेल तर तिची परीक्षा घेऊन बघू. माझ्याच वर्गातून शिकून गेलेल्या एका रंगाऱ्याने मला गप्प बसवलं. मास्तर, डोळ्यांनी दिसतंय ना, मग झालं तर, असं त्याचं म्हणणं. आणि दिसत होतं खरंच. तोवर मेहुण्याने आठ बाटल्या उचलल्या होत्या आणि इंजिनातलं तेल सोडण्यासाठी तो पाना शोधत होता.

तेवढ्यात बायको कामाची पाळी संपवून आली. ती बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस आहे. एका केसाच्या दहाव्या भागाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवते, घरात माझ्याशीही तसंच वागते. तिने सगळा प्रयोग एकदा पाहिला. मग पुन्हा करायला सांगितला. तेलाकडे तिने पाहिलंच नाही, ती फडक्याकडे पाहत होती.

"आता मी करते," ती म्हणाली. "यंत्र तुमचं, तेल तुमचं. पुसायचं काम फक्त माझं."

महाराजांनी परक्या हातांच्या लहरींबद्दल काहीतरी सुरू केलं, पण टपांवरच्या लोकांना फुकटची मजा हवी होती. तिने रोलर पुसला, पुसता पुसता जरासा फिरवला, आणि महाराजांचं सोनेरी तेल ओतलं. दुसऱ्याच वजनाला मोटर किंचाळली. मग रोलर परत पहिल्या जागी फिरवून तिने गाड्या धुवायचा शाम्पू ओतला. आठ वजनं लागली. कडी फेस काढत फिरत राहिली.

"आता इंजिनात शाम्पू कोण घालतंय?" तिने विचारलं.

मग तिने रोलर काढून सगळ्यांच्या हातात फिरवला. त्यावर एका जागी नखाएवढा सपाट डाग होता. ताजा गोल रोलर कडीला जेमतेम टेकतो, सगळं वजन त्या टिंबावर येतं. टोकदार टाच मातीत रुतते आणि सपाट चप्पल रुतत नाही, तसंच. एकदा झिजून सपाट झाला की वजन पसरतं, मग वर काहीही ओता. फडक्याच्या आड महाराज लोकांच्या तेलासाठी ताजी बाजू फिरवत आणि स्वतःच्या तेलासाठी झिजलेली ठेवत. ही सगळी त्या तेलाची पवित्रता.

महाराज म्हणाले की त्यांचं दुसऱ्या गावी व्याख्यान आहे, आणि मोटर गरम असतानाच त्यांनी ती पेटीत कोंबली. रंगारी बराच वेळ रोलरवर नख फिरवत उभा होता.

मेहुण्याचं तोंड उतरलं होतं. पाचशे हॉर्सपॉवरला पातळ तेल कसं पुरेल, हे त्याने पुन्हा विचारलंच. बायकोने त्याला समजावलं, की इंजिनाचा फिरता दांडा आणि बेअरिंग यांच्यात केसाहून बारीक फट असते, वस्तादांनी ती मोजली आणि तिच्यात वेळेवर पोचेल असं तेल लिहिलं. जाडसर पाक थंड इंजिनात पोचेपर्यंत धातूवर धातू घासून जातो. बोटांना फट कळत नाही.

"बरं ताई," तो म्हणाला, "तू म्हणतेस तर तेच घालतो."

तिचा आवाज चढला. "मी म्हणते म्हणून घालू नकोस. मघाशी त्या डगल्याचं ऐकलंस, आता माझं ऐकणार, उद्या आणखी कोणाचं. कार्डावरचं तेल घाल, इंजिन पुरतं तापव, तेलाचा दाब स्वतः मोज. कमी भरला तर माझंही ऐकू नकोस, वस्तादांकडे जा."

वाचकहो, मलाही याहून वेगळं काही सांगायचं नाही. डोळ्यांनी दिसलं एवढ्यावर थांबू नका, दाखवणाऱ्याचा हात कुठे आहे तेही बघा, आणि जमेल तिथे स्वतः मोजा. कार्डावरचं तेल घालून इंजिन तापल्यावर मेहुणा दाबाचा काटा घेऊन त्यावर वाकला. त्याने आकडा वाचला, पातळ तेलाचा दाब पुरेपूर भरला होता, विश्वास बसेना म्हणून पुन्हा वाचला, आणि मग तो आम्हाला कोणालाही काही न विचारता वहीत लिहून ठेवला.