हळदीचा फोन

१९९९ साली बुद्धभूषणनं सांगलीत वेबसाइट बनवायचा व्यवसाय सुरू केला. त्याची थोरली बहीण प्रियदर्शनी पंपाच्या कारखान्यात माल तपासायची आणि सुट्टीला त्याच्या मदतीला यायची. कारखान्याला दर्जाचं आयएसओ प्रमाणपत्र मिळालं होतं. तिथलाच नियम तिनं इथं लावला: ज्यानं पान बनवलं, त्यानं ते तपासायचं नाही.

"ताई, वेबसाइट म्हंजे काय पंप हाय व्हय?" बुद्धभूषण वैतागला. हळदीच्या एका व्यापाऱ्याची वेबसाइट त्याला संध्याकाळपर्यंत इंटरनेटवर चढवायची होती.

प्रियदर्शनीनं एकेक ओळ वाचली आणि पानावरचा नंबर सरळ फिरवला.

"हळदीसाठी फोन केलाय," ती म्हणाली.

"येतो की!" पलीकडून उत्साही आवाज आला. "आमचा बँड हळदीला बी वाजवतो, वरातीला बी. तारीख कवाची?"

नंबरातले दोन आकडे उलटे पडले होते. बुद्धभूषण आधी ओशाळला, मग दोघंही पोट धरून हसली. त्यानं आकडे सुधारले, तिनं पुन्हा फोन लावला, तेव्हा व्यापाऱ्यानंच उचलला.

मग बुद्धभूषणनं कोरी वही काढून पहिला नियम लिहिला: ‘प्रत्येक नंबर लावून बघणे.’

"खाली सही कर ताई," तो म्हणाला. "आता तपासणारी तूच."