जाईची तोंडी परीक्षा

वसंता टीचरांनी रिमोट उचलला आणि सिनेमातल्या राजकुमाराला पुन्हा थांबवलं. तलवार सेनापतीच्या गळ्याशी, तोंड अर्धवट उघडं.

"सोल्लु," त्या जाईला म्हणाल्या. म्हणजे, सांग. शिकवणीच्या चार शनिवारांत जाईच्या आईला, मेधाला, तमिळमधला हा एवढा एकच शब्द पाठ झाला होता.

जाईने उशीचा कोपरा चुरगाळला, आईकडे एकदा पाहिलं आणि गप्प बसली.

"अकरा," मेधा म्हणाली. चेहऱ्यावर हसू, हातात टीचरांचा चहा. "अकराव्यांदा थांबवला."

"मोजतेयस?" संजीवने लॅपटॉपमधून मान काढली नाही.

"कुणीतरी मोजायला नको? दहा दिवसांवर तोंडी आलीय. परीक्षेत हॉकर सेंटरमध्ये जेवणाचे ट्रे जागेवर ठेवण्याचा व्हिडिओ दाखवून बोलायला लावणार, आणि ह्या साठ वर्षांपूर्वीचा राजवाडा घेऊन बसल्यात."

"मम्मी, नॉट नाऊ लाह," जाई पुटपुटली.

हसऱ्या चेहऱ्याने मराठीत तक्रार करायची, ही या घराची जुनी सोय होती. लिफ्टमध्ये शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल, एमआरटी मेट्रोत समोरच्याच्या परफ्यूमबद्दल, काहीही बोलावं. सिंगापुरात कुणाला कळतंय? आवाज मात्र गोड ठेवायचा. मेधाचा तर इतका गोड लागे की टीचरांनी कप घेताना मान झुकवून आभार मानले.

तमिळ हा मेधाचाच हिशेब होता. पहिलीत शाळेसाठी मातृभाषेचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा यादीत मराठी नव्हतीच. हिंदीसाठी दर शनिवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागणार होतं, तमिळ शाळेतच शिकवत. वर्षाचे चाळीस शनिवार वाचले, असं तिने रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं होतं. आता बारा वर्षांची जाई तमिळ सुरेख लिहायची, आणि कुणी बोलायला लावलं की दगड व्हायची. सरावात परीक्षकांसमोर ती चार मिनिटं नुसती बसून होती.

टीचरांनी सिनेमा पुढे सोडला. शत्रूचं सैन्य किल्ल्याच्या वेशीला भिडलं होतं आणि राजकन्या होडीत बसून गाऊ लागली. राजकुमार वल्हं सोडून तिच्याकडे बघत राहिला. टीचरांनी गाणं पूर्ण ऐकलं, मागे नेलं, पुन्हा लावलं.

"हिकडे लढाई तोंडावर आणि ह्यांना नौकाविहार सुचतोय," मेधा म्हणाली. "संजू, आज तूच सांग त्यांना. पुढच्या शनिवारी येऊ नका म्हणावं. सरावाचे पेपर सोडवून घेणारं कुणीतरी बघू."

"मी कशाला? ठरवलंस तू त्यांना."

"माझ्याने म्हातारीला तोंडावर नाही सांगवणार."

गाणं संपलं. टीचरांनी चष्मा डबीत ठेवला, जाईच्या डोक्यावर हात फिरवला आणि चपला घालायला दाराशी गेल्या. संजीवला नेमका तेव्हाच कॉल आला. मेधा चडफडत त्यांच्यामागून लिफ्टपर्यंत गेली.

"टीचर, ॲक्चुअली, वी वेअर थिंकिंग..."

"येऊं नका म्हणायचें असलें तर सरळ सांग," वसंता टीचर म्हणाल्या. "नवऱ्यास कशाला पुढें करतेस?"

मराठी होती. चाल निराळी, शब्द जुने, कुठल्याशा बखरीतून उठून आल्यासारखे; पण शब्दन् शब्द मराठी.

मेधाचा हात लिफ्टच्या बटणावर तसाच राहिला.

"आम्ही तंजावरचे. तीनशें वर्षें घरांत हेंच बोलतों." टीचरांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. "लेकीला पहिल्याच दिवशीं कळलें. ती बोलली नाहीं?"

"नाही."

"मीच म्हटलें, राहूं दे. आईची गंमत कशाला मोडायची."

लिफ्ट आली, उघडली, मिटली. मेधाला चारही शनिवार एकेक करून आठवायला लागले. आपण त्यांच्या साडीबद्दल बोललो होतो. दातांबद्दलही.

"मी... तुम्ही मंगळवारी पण याल का?" अखेर ती म्हणाली. "परीक्षेपर्यंत?"

"येईन. पण तूं घरांत असूं नको."

"मी?"

"समोर तूं मोजत बसलीस कीं तिचें तोंड मिटतें. तूं मागच्या शनिवारीं भाजीला गेलीस, तेव्हां तासभर बोलली पोर. तमिळ अडलें तिथें मराठी, मराठी अडली तिथें तमिळ. मी थांबवलें तेव्हां थांबली."

मेधाने मान हलवली. टीचरांनी बटण दाबून लिफ्ट पुन्हा उघडली आणि आत शिरल्या.

ती परत आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आत संजीवचा कॉल संपला असावा, कारण जाई त्याला काहीतरी सांगत होती. राजकन्येला सैन्य आलेलं ठाऊक असतं रे बाबा, ती मुद्दाम गाते, म्हणजे तो भिणार नाही. मग सलग तीन-चार तमिळ वाक्यं, हेल काढून, आणि पुन्हा मराठी. संजीव मध्येच हसला. जाई थांबली नाही.

मेधाने दाराच्या मुठीवर ठेवलेला हात काढून घेतला आणि आवाज न करता बाहेरच्या चपलांच्या रॅकवर बसली.