उलट बसलेली काच

"चष्मेवाले, खरं सांगा, माझं काय चुकतंय?" असं म्हणत सिस्टरांनी कॅमेरा माझ्यासमोर काउंटरवर ठेवला आणि मी जागच्या जागी गार पडलो. कॅमेरा त्यांचा नेहमीचाच होता. त्यावरची लेन्स मात्र नवी, म्हणजे वयाने माझ्याएवढी असेल, पण त्यांच्याकडे नवी. त्या नामांकित परदेशी कंपनीची, जिचं नाव आमच्या ग्रुपमधले लोक आवाज खाली आणून घेतात.

"कधी घेतलीत?"

"झाला महिना. तुमचा तो फोटो पाहिल्यापासून डोक्यातून जाईना. म्हटलं, जन्म वॉर्डातल्या लोकांच्या तैनातीत गेला, आता एक हौस आपली. पण मेलं जमतच नाही हो मला."

त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवले. खिडकीशी बसलेली शेजारीण, पायरीवरचं मांजर, पुन्हा शेजारीण. सगळे धूसर. एका फोटोत बाईंचा चेहरा पार विरघळलेला आणि मागच्या दाराची कडी तेवढी लख्ख.

"छान आलेत," मी म्हणालो. "सराव करा. बसेल हात."

बोलून गेलो आणि काउंटरवरची पुसणी उचलून, स्वच्छच असलेली काच पुसत राहिलो.

"नंबर वाढलाय का बघू या का?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"नंबर नाही, मोतीबिंदू आहे. ऑपरेशन याच महिन्यात करायचं ठरलं होतं. ते पैसे हिच्यात गेले." त्यांनी लेन्सवर हळूच टिचकी मारली. "पिकू दे अजून थोडा. कुठं पळून जातोय?"

त्या हसत हसत पायऱ्या उतरल्या. शेवटची पायरी त्यांनी आधी पायाने चाचपली. मी ते पाहिलं आणि मान खाली घातली.

एकतीस वर्षं मी या दुकानात काचा घासतो. मालक पुढे बसून गिऱ्हाइकांना फ्रेमी दाखवतात, मी मागे मशीनवर काचेला फ्रेमीचा आकार देतो; ते नसले की पुढेही मीच. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये फोटोवाल्यांचा ग्रुप जमतो. त्यात एक बडे डॉक्टर, दोन-तीन इंजिनिअर, रिटायर झालेल्या या सिस्टर आणि मी. माझ्याकडे डिजिटल कॅमेरा आहे, तो एका इंजिनिअरने वापरून विकलेला. त्याच्यासाठी नवी लेन्स घेणं मला सात जन्मांत परवडलं नसतं. म्हणून भंगारवाल्याकडे मोडका रेंजफाइंडर कॅमेरा दिसला तेव्हा मी त्याच्यावर झडप घातली. रेंजफाइंडर म्हणजे ज्यात लेन्समधून न बघता बाजूच्या इवल्याशा खिडकीतून बघायचं आणि दोन प्रतिमा एकावर एक आणायच्या, असला जुना कॅमेरा. त्याचं शटर फाटलं होतं, पण लेन्स शाबूत होती. मधे एक पितळी कडं बसवलं की अशी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालते.

"घरात एक जुनं खोड आहे, ते पुरत नव्हतं वाटतं," बायको म्हणाली होती.

लेन्सच्या आत बुरशी होती, फोकसचं कडं घट्ट बसलं होतं. तीन आठवडे, जेवणाच्या सुट्टीत, मी ती एकेक काच काढून साफ केली, वाळलेलं ग्रीस खरवडलं, नवं भरलं. आयुष्यात एवढ्या जिवापाड मी दुसरं काही केलेलं नाही. सगळं जोडलं आणि पाहतो तर लांबचं काहीच स्पष्ट येईना. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पुढची काच मी उलट बसवली होती. चष्म्यांच्या काचा बसवण्यात केस पांढरे केलेल्या माणसाने!

ती पुन्हा उघडणार, एवढ्यात बायको शिलाई मशीनवर सुईत दोरा ओवताना दिसली. सहज म्हणून एक फोटो काढला. मधोमध तिची बोटं आणि सुई धारदार आली होती आणि कडेचं सगळं, पडदा, खिडकी, कपड्यांचा ढीग, तिच्याभोवती गोल फिरून विरत गेलं होतं. मी पेचकस खाली ठेवला.

तो फोटो वाचनालयाच्या हॉलमध्ये, ग्रुपच्या प्रदर्शनात लागला; अजून तिथेच आहे. डॉक्टर त्याच्यापुढे दहा मिनिटं उभे होते. मग त्यांनी त्या परदेशी लेन्सचं नाव घेतलं आणि म्हणाले, "तीच ना? मी कुठेही ओळखीन. छुपे रुस्तम आहात, चष्मेवाले!"

सगळे माझ्याकडे बघत होते. भंगार हा शब्द जिभेवर आला होता, देवाशपथ आला होता. पण माझी मान हलली. वरखाली, एकदाच. नव्या कॅमेऱ्याला जुनी लेन्स ओळखता येत नाही, फोटोच्या माहितीत तिच्या नावाच्या जागी नुसती रेघ येते, त्यामुळे पकडलं जायची भीती नव्हती. संध्याकाळपर्यंत फोटोखालच्या कार्डावर ते मोठं नाव छापून लागलं. मी रोज जाऊन ते वाचायचो आणि रोज छाती दोन बोटं फुगायची. आठवलं की आज अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

सिस्टर दुकानात येऊन गेल्या त्या संध्याकाळी जेवताना बायकोला सगळं सांगितलं. तिने भात वाढता वाढता ऐकून घेतलं.

"प्रदर्शनात चार लोक मला विटक्या गाऊनमध्ये बघत होते," ती म्हणाली. "मला नाही लाज वाटली. तुम्हाला कसली वाटली हो?"

मी ताटातला भात कडेला सारला.

"आणि त्या बाईंचा डोळा?" तिने विचारलं. उत्तराची वाट न पाहता ती पातेलं घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालकांकडून दोन तासांची सुट्टी घेतली आणि लेन्स रुमालात बांधून सिस्टरांच्या घरी गेलो. एक खोली, एक स्वयंपाकघर, औषधाच्या कपाटासारखी चापूनचोपून लावलेली. दाराशी एक लाकडी खुर्ची होती. मी उभ्यानेच बोलायला लागलो. भंगारवाला, बुरशी, उलटी काच, डॉक्टर, माझी मान. मधे कुठेही स्वतःला सूट द्यायची नाही असं ठरवून आलो होतो. तरी "तेव्हा सुचलंच नाही काही" असं एकदा तोंडातून निघालंच.

त्यांनी पेशंटची तक्रार ऐकावी तसं शांतपणे ऐकलं.

"काच उलटी बसली होती?"

"हो. फोटोतली ती गंमत चुकीतून आली होती, सिस्टर. जगातल्या कुठल्याही लेन्सने तुम्हाला ती मिळाली नसती."

त्या एकदम हसल्या. मग हसू विरलं. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काल मी फोटो दाखवले," त्या म्हणाल्या. "तुम्ही छान आलेत म्हणालात. ते वाईट होते ना?"

"वाईट होते. एका फोटोत मागच्या दाराची कडी तेवढी स्पष्ट होती."

"मला तर कडीसुद्धा दिसली नाही."

मी रुमालाची गाठ सोडून माझी लेन्स त्यांच्यापुढे ठेवली. म्हणालो, "तुमची लेन्स आपले डॉक्टर डोळे मिटून विकत घेतील. मी स्वतः घेऊन जातो. ऑपरेशन लगेच होईल."

"आणि त्यांना काय सांगाल?"

"हेच. रविवारी, सगळ्यांसमोर. कार्डही मीच काढतो."

"सांगा तर." त्यांनी रुमालातल्या माझ्या लेन्सला हातही लावला नाही. आपला कॅमेरा उचलला. "बसा त्या खुर्चीत."

"आत्ता?"

"आत्ताच. जायच्या आधी एक तरी धड फोटो निघू दे हिच्यातून. आणि असला चेहरा पुन्हा मिळायचा नाही."

मी बसलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कॅमेरा डोळ्याला लावला, लेन्सचं कडं इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं आणि बटण दाबलं. मग जवळ येऊन पडदा माझ्यापुढे धरला.

"बघा. आणि आता खरं सांगा."

"खुर्चीची पाठ आलीय. मी नाही आलो."

"बरं."

पुन्हा काढला. या वेळी शर्टाचं बटण आलं होतं. तिसऱ्यांदा कान.

"कान म्हणजे जवळ आले मी," त्या म्हणाल्या आणि मागे सरकून पुन्हा आपल्या जागी उभ्या राहिल्या. "हं. आता अजिबात हलू नका."

त्या लेन्सचं कडं फिरवत राहिल्या, किती तरी वेळ. चेहरा तापला होता, नाक वाहायला आलं होतं, खिशातला हातरुमाल काढावा असं फार वाटत होतं. मी त्या काचेकडे सरळ बघत बसलो आणि मान हलू दिली नाही.