फुलीवरचा रंग

"खडूची फुली दिसली की हात थांबवायचा. तिथं ब्रश लावायचा नाही. आधी तपासनिसाला हाक मारायची."

पुलाच्या पायऱ्या चढताना तिच्या कानात नवऱ्याचा तो आवाज घुमत होता. नव्यानं कामाला लागलेल्या प्रत्येक रंगाऱ्याला तो हे पहिल्याच दिवशी बजावायचा. तपासनीस कठड्याचा एकेक सांधा हातोडीनं ठोकून बघे आणि जो बद्द वाजेल त्यावर फुली मारी. दुरुस्ती झाल्याशिवाय ती झाकायची नाही, हा नवऱ्याचा तीस वर्षांचा नेम. तो एकदाच मोडला.

"अगं, हळू चढ. पूल कुठं पळून जात नाहीये," थोरली नणंद मागून धापा टाकत म्हणाली. "सव्वाशे वर्षं उभा आहे, आणखी पाच मिनिटं थांबेल. माझे गुडघेच काय ते थांबणार नाहीत."

वर माणसांची रीघ होती. सुटीचा दिवस. कुणी नदीचे फोटो काढत होतं, कुणी लोखंडी कमानीखाली पाठ टेकून खात बसलं होतं. मधोमध कठड्याचा एक तुकडा नवा होता. त्याच्या पायाशी पाटी, पाटीवर चार नावं. ती पाटीपुढे उभी राहिली आणि डोळे मिटून चारही नावं मनातल्या मनात म्हणाली.

चार वर्षांपूर्वी, पुलाच्या समारंभाच्या दिवशी, साहेबांनी सकाळपासून डोकं खाल्लं होतं. पाहुणे यायच्या आत कठडा चमकला पाहिजे. नवऱ्यानं फुलीवरून ब्रश फिरवला. उद्या सांगू तपासनिसाला, असं म्हणून. दुपारी गर्दी रेलली आणि कठडा चार माणसांसकट खाली गेला. तपासनीस वहीत नोंद करायचा ती संध्याकाळी, त्यामुळे वही कोरीच. "मी खूण केली होती हो," तो चौकशीत सांगत राहिला. फुलीचा मागमूस नव्हता. तपासनिसाची नोकरी गेली, मग शेजारपाजाऱ्यांनी बोलणं टाकलं.

नवऱ्यानं तोंड उघडलं ते थेट शेवटच्या आजारात. "तपासनिसाला जाऊन सांग," तो म्हणाला होता.

"सांगेन," ती म्हणाली होती.

तो गेल्याला तीन महिने झाले. तपासनिसाचं घर पलीकडच्या काठावर, पूल उतरला की दुसऱ्या गल्लीत.

"झालं ना बघून?" नणंदेनं पाटीकडे पाठ केली. "चल आता."

"ताई, मी पलीकडे जाऊन येते."

"कशाला? माझ्या गेलेल्या भावाच्या तोंडाला काळं फासायला?" नणंदेचा आवाज खाली आला. "आणि पोराचं काय? बापाच्या जागी लागलाय, अजून कायम व्हायचाय. आईच त्याच्या अन्नात माती कालवणार?"

"शब्द दिलाय मी."

"मरणाऱ्याला सगळेच देतात."

रोज पहाटे ती हेच देवापुढे मांडत होती आणि रोज पोराचा डबा भरताना गप्प होत होती. आधारासाठी तिनं नव्या तुकड्याशेजारच्या जुन्या कठड्याकडे हात नेला, आणि तो तसाच राहिला.

सांध्यावरचा रंग सुटला होता. खडूवर रंग धरत नाही, कधीतरी पोपडा येतोच, हे रंगाऱ्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक. इथं पोपड्याच्या दोन बारीक पट्ट्या निघाल्या होत्या, एकमेकींना छेदणाऱ्या. आत पांढुरकं.

नवरा एका फुलीबद्दल बोलला होता. की तिनंच एक धरली होती? आणि दुरुस्तीवाल्यांनी तुटलं तेवढंच बदललं होतं.

त्याच कठड्याला पोट टेकवून एक माणूस लेकीला खालची होडी दाखवत होता.

"जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. तिचा आवाज त्याच्यापर्यंत पोचला नाही.

नणंदेनं तिच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. तीही रंगाऱ्याचीच लेक. पुढे होऊन तिनं गजाला नुसतं बोट लावलं. गज हलला. दुसऱ्या क्षणी तिनं त्या माणसाचा दंड धरून त्याला मागे ओढलं आणि कठड्यापुढे दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"रंग ओला आहे! कपड्यांचं वाटोळं होईल. कुणी टेकायचं नाही!"

"कोरडा दिसतोय की मावशी."

"तू रंगारी आहेस? मी रंगाऱ्याच्या घरातली आहे. हो मागे."

माणूस हसत लेकीला घेऊन पुढे गेला. आणखी कुणी आलं, तेही बाजूनं गेलं. नणंदेचे हात खाली आले नाहीत.

"ताई..."

"तपासनिसाला इथं घेऊन ये," नणंद तिच्याकडे न बघता म्हणाली. "दुसऱ्या कुणाला सांधे कळत नाहीत. विचारलं तर सगळं सांग."

"आणि पोराला?"

"त्याला मी सांगेन. जा तू, माझे गुडघे फार वेळ धरणार नाहीत."

तिनं मान हलवली आणि गर्दीतून वाट काढत ती पलीकडच्या काठाकडे चालू लागली.