नाचणीचा राब

माती वाहून उघड्या पडलेल्या कात्रपच्या डोंगरउतारावर चांगुणाने शेताच्या बांधांवर ऐनाची रोपं लावली. तिसऱ्या वर्षी, १९८६ साली, बांधांमागे माती साचू लागली. पण नाचणीच्या रोपांसाठी जमीन भाजायला, म्हणजे राबाला, फांद्या लागत आणि जंगलात तोडबंदी झाली होती.

धाकटा दीर सोमा कोयता घेऊन आला. "वैनी, ही झाडं काय पुजायला ठेवलीस?"

"आता छाटली तर मरतील. माती परत ओढ्यात जाईल."

"आन् राब नाय केला तर खाशील काय? माती?"

चांगुणाने गोठ्यावरचं गवत ओढून काढलं, जमिनीवर पसरलं आणि पेटवलं.

सोमा गोठ्याच्या उघड्या वाशांकडे बघत राहिला. "पुढल्या साली काय जाळशील?"

चांगुणाची नजर घराच्या छपरावर गेली.