पाय न लागलेला माळ

मित्रांनो, माझ्याकडे पाहून नाक मुरडू नका. ते काम मी स्वतःच पुष्कळ केलं आहे. मी एक जुनी पोलादी नळी आहे. टोकाला दात, डोक्यावर आडवा लाकडी दांडा. मला जमिनीत पिळत घालायचं आणि वर ओढायचं, की माझ्या पोटात मातीचे थर जसेच्या तसे येतात. लोहाराने मला घडवलं तेव्हा हातात तोलून तो म्हणाला होता, "ही खोटं बोलणार नाही." बिचाऱ्याला काय ठाऊक, मी कुणाच्या हाती पडणार आहे!

मी पडले जुन्या अवशेषांचा शोध घेणाऱ्या एका कचेरीत. हजारो वर्षांपूर्वी माणसांनी माती रचून मोठमोठे गोल बांध घातले होते. आज ते गवताखाली साध्या उंचवट्यासारखे दिसतात. उंचवटा आपोआप झालेला की माणसाने रचलेला, हे सांगणं माझं काम. मूळची जमीन असेल तर काळी माती वर आणि पिवळी खाली. पण पिवळीच्या खाली पुन्हा काळी पट्टी लागली, तर समजावं, कुणीतरी जुन्या जमिनीवर भर घातली आहे. मला वाहणारे नळीवाले काका ती पट्टी बोटांत चोळत आणि हळूच म्हणत, "आहे बरं का. माणसाचा हात लागलाय." तेव्हा मला अगदी धन्य वाटे.

मग नवे साहेब आले. त्यांच्या बुटांना चिखलाचं वावडं होतं. गाडी जाईल तिथवर त्यांची पाहणी; पुढचं सगळं ते काच खाली करून बघत. आमच्या कागदावर रकाने दोनच होते, 'बांध आहे' आणि 'बांध नाही'. काटेरी चढावरच्या मोठ्या माळाला आमच्यापैकी कुणाचा पाय कधी लागला नाही. तरी दर वर्षी साहेब मांडीवर कागद ठेवून 'नाही'वर खूण करत आणि कागद मागे देत. "करा सही. वर काय सोनं पुरलंय?" काका सही करत. मी सीटखाली साहेबांच्या घामट मोज्यांशेजारी पडलेली असे. मोज्यांचा वास परवडला, पण त्या खुणेची मला शिसारी येई. सात वर्षं हेच चाललं.

पुढे कचेरीत संगणक आला आणि त्याच्याबरोबर नकाशेवाली ताई आली. तिने आमचे सगळे कागद संगणकाला शिकवले. कुठे बांध सापडले, कुठे नाहीत, तिथे चढ किती, पाणी किती दूर. त्यावरून न पाहिलेल्या जागीही बांध कुठे असतील, याचा अंदाज त्याने करायचा. कल्पना खरंच छान होती. बांध असण्याजोग्या जागा लाल आणि नसण्याजोग्या पांढऱ्या, असा नकाशा तयार झाला. टाळ्या वाजल्या. साहेबांनी तो चौकटीत घालून खुर्चीमागे लावला.

मी कोपऱ्यातून पाहिला आणि मला, एका नळीला, त्याची किळस आली. लाल रंग डांबरी रस्त्याला चिकटून धावत होता! म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं आमच्या गाडीची सोय बघून बांध घालत होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? यंत्राला बोल लावण्यात अर्थ नव्हता. माळ अर्थातच पांढराशुभ्र होता. तिथे काही नाही, असं पत्र साहेबांनी देऊन टाकलं, आणि माळ सपाट करून गोदामं बांधायचं ठरलं.

ताई मात्र नकाशासमोर नखं खात उभी होती. "काका, तुम्ही माळावर गेला होतात ना? सात वर्षांच्या सह्या आहेत तुमच्या."

काकांनी माझा दांडा उगीच पुसला. "सह्या माझ्या आहेत, ताई. पाय नव्हते."

"आणि हे आत्ता सांगताय? मी यंत्राला तेच शिकवून बसले!"

"निवृत्तीला चार महिने राहिलेत. लेखी दिलं तर जन्मभराची अब्रू जाईल."

"नाही दिलं तर माळ जाईल," ताई म्हणाली. "उचला ती नळी."

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यांतून ओरबाडत आम्ही वर पोचलो. वर भला थोरला गोल बांध होता, आणि ठरल्या दिवसाआधीच आलेली माती उपसणारी यंत्रं तो एका बाजूने खात होती. काकांनी मला उरलेल्या बांधात पिळलं. हातभर पिवळी, दोन हात पिवळी आणि मग ती काळी पट्टी. काकांनी ती बोटांत चोळली. मग कागदाच्या पाठीवर त्यांनी लिहिलं, 'मी या माळावर आजवर कधी आलो नव्हतो. सातही वर्षं खोटी सही केली.' तो कागद त्यांनी यंत्रांवरच्या मुकादमाच्या हातात दिला. यंत्रं थांबली. तोवर अर्धा गोल ट्रकांतून गेला होता.

ताईने कागदावर तिसरा रकाना घातला, 'गेलो नाही'. निम्म्याहून जास्त 'नाही' उठून तिथे जाऊन बसले. काकांची चौकशी झाली, निरोपसमारंभ रद्द झाला. आणि साहेबांनी काय केलं? उरलेल्या बांधासमोर उभं राहून भाषण! "आमच्या पथकाने शोधून काढलं." मला घासूनपुसून, तेल पाजून संग्रहालयातल्या काचेत ठेवलं. खाली पाटी आहे, 'साहेबांच्या मार्गदर्शनाखाली याच नळीने हा शोध लावला.' त्या चकचकीतपणाची मला इतकी किळस येते, की अंगावर पुन्हा गंज चढला तर बरं, असं वाटतं.

परवा काका नातीला घेऊन आले होते. तिने पाटी मोठ्याने वाचली आणि विचारलं, "आजोबा, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"गाडीत," काका म्हणाले. "सात वर्षं गाडीत बसून होतो."

मित्रांनो, मला तेल नको, काच नको. जिथे तुमचा पाय लागला नाही, तिथे 'नाही' लिहू नका. 'गेलो नाही' असं लिहा. लाज वाटेल. वाटू द्या.